लेबलावरचं नाव

खून पाहिले, दरोडे पाहिले. पण नोकरीतली कोणती घटना अजून आठवते असं कुणी विचारलं, की मला व्हिस्कीच्या त्या अकरा बाटल्याच आठवतात.

सिल्लोड रोडवरच्या एका ढाब्यावर बिनपरवाना व्हिस्की मिळते, अशी खबर आली. विषारी दारूची भीती असते, म्हणून पंचांना घेऊन लगेच छापा घातला. सापडलेल्या बाटल्यांवर कंपनीचं नाव नव्हतं. फक्त एका माणसाचं नाव सुबक अक्षरांत छापलेलं होतं. ढाबेवाला म्हणाला, एक म्हातारे गृहस्थ रिक्षातून येतात, बाटल्या फुकट देतात आणि लोकांना चव कशी वाटली तेवढं विचारून जातात. त्यांचं नाव त्याला माहीत नव्हतं.

नमुने प्रयोगशाळेत पाठवले आणि लेबलावरच्या नावाचा माणूस शोधायला लागलो. मतदार यादीवरून मुकुंदवाडीतलं घर सापडलं. दारात त्याची बायको उभी होती.

"त्यांला जाऊन सहा वर्सं झाली, साहेब," ती म्हणाली. "दारूच्या कारखान्यात पिंपं लोटायला होते. पर कधी तोंडाला लावली नाय. निस्ता वास घ्यायचे."

मातीला कारखान्यातले एकच मोठे साहेब आले होते आणि ते लई रडले, असंही तिनं सांगितलं.

ते साहेब गारखेड्यात एकटेच राहत होते. वेगवेगळ्या पिंपांतली व्हिस्की मिसळून चव ठरवणारे नावाजलेले ब्लेंडर. परदेशात बक्षिसं मिळालेली, वर्तमानपत्रांत फोटो आलेले. ठाण्यात आणल्यावर ढाबेवाल्यानं त्यांना ओळखलं. मी भेसळीचं कलम लावण्याचा विषय काढला, तेव्हा त्यांनी मान वर केली.

"भेसळ म्हणू नका. दुकानातूनच घेतलेली व्हिस्की आहे. त्यानं शिकवलं तशी मी मिसळली."

मग सगळं बाहेर आलं. कोणतं पिंप तयार झालं, कशात काय मिसळायचं, हे तो मजूर वासावरून सांगायचा आणि साहेब वहीत लिहून घ्यायचे. बक्षिसं त्यावरच मिळाली. सत्काराच्या दिवशी त्याचं नाव घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं, घेतलं नाही. अमेरिकेतल्या एका जगप्रसिद्ध व्हिस्कीच्या मालकाला ती गाळायला एका गुलामानं शिकवलं होतं, हे त्यांनीच मला सांगितलं. जगाला त्या गुलामाचं नाव फार उशिरा कळलं. "पण निदान कळलं तरी," ते म्हणाले.

प्रयोगशाळेचा अहवाल त्यांच्या म्हणण्याशी जुळला. तरी विनापरवाना बाटल्या भरणं गुन्हाच. तो नोंदवावा लागला. जामिनाला कोण येईल, असं विचारल्यावर ते कुणी नाही म्हणाले. जामीनदार वकिलानंच आणला.

मी मुकुंदवाडीला जाऊन बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चौकटीला धरून ऐकून घेतलं.

"आता नाव छापून काय उपेग? ते जित्ते असताना बोलायचं व्हतं," एवढंच म्हणून त्यांनी दार लोटलं.

कोर्टानं दंड केला. तो भरून बाहेर आल्यावर साहेबांनी मला विचारलं, "बाई काय म्हणाल्या?"

लोकांकडून खरं काढून घेण्यात माझी उमर गेली. त्या दिवशी मला खरं सांगवलं नाही. "काही नाही म्हणाल्या," मी म्हणालो. ते मान हलवून एकटेच फाटकाकडे रिक्षा शोधायला गेले.

माणूस कबुली देतो ती धाकानं किंवा पुराव्यानं, असं मी तोवर समजत होतो. या माणसाला कबूल करायचंच होतं. ज्याच्यापुढे करायचं, तो राहिला नव्हता.