फावड्यांची खंडेनवमी

सिंगापूर पडलं आणि आम्ही कैदी झालो. कैदी झाला म्हणजे शिपायाची नोकरी संपली, असं आमच्या गावात पुष्कळांना वाटतं. साफ चूक आहे. खरी नोकरी तिथून पुढं सुरू झाली. जपान्यांनी आमच्या पलटणीतली माणसं वेगळी काढली, जहाजाच्या पोटात पोती कोंबावी तशी कोंबली आणि न्यू ब्रिटन नावाच्या बेटावर नेऊन उतरवली. आम्हाला विचारलं कुणी नाही. वर विषुववृत्त, खाली ऑस्ट्रेलिया, मधे नुसता समुद्र. त्या समुद्रात अमेरिका आणि जपान एकमेकांची जहाजं बुडवत होते. लढाई त्या दोघांची, आणि मधोमध आम्ही साताऱ्या-सांगलीची पोरं, हातात फावडी घेऊन.

काम धावपट्टीचं. सकाळी फॉल-इन, मोजणी, मग काम. अमेरिकेची विमानं यायची, बॉम्ब टाकून जायची. धावपट्टीला खड्डे पडायचे. ते आम्ही भरायचे. दुसऱ्या दिवशी परत तेच. खायला मूठभर भात, पुढं तोही गेला आणि रताळी आली. आजारी पडला त्याचं रेशन निम्मं. काम नाही तर खाणं नाही, हा जपान्यांचा न्याय. जिनिव्हाचे कायदे आम्हाला पलटणीत शिकवले होते. त्या गार्डांना कुणी शिकवले नव्हते, किंवा शिकून त्यांनी ते समुद्रात टाकले होते. काठी मात्र ते रोज चालवायचे.

कधी कधी समुद्राच्या अंगानं तोफांचा आवाज यायचा. दिवसदिवस चालायचा.

“कोण जिंकतंय रं?” तासगावचा महादू कदम विचारायचा.

“कुणीबी जिंकू दे,” ज्ञानू म्हणायचा, “खड्डा आपल्यालाच भरायचाय.”

लान्स नाईक ज्ञानू पवार माझ्या गावचा. पाटणच्या अलीकडं, कोयनेच्या काठी आमचं गाव. त्याच्या आणि माझ्या रानाचा बांध एकच. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तो बोटीत बसला होता. बायकोचं नाव सारजा. पकडले गेल्यावर आमचे ऑफिसर वेगळ्या कॅम्पात गेले, सुभेदारसाहेब आजारानं गेले, आणि आमच्या टोळीत फीत लावलेला माणूस ज्ञानू एकटाच उरला. फीत शर्टाबरोबर कुजून गेली होती. तरी रोज तो आम्हाला ओळीत उभं करायचा. “कैदी असलो तरी सेक्शन हाय गड्या. लाइन सरळ पायजे,” म्हणायचा. आम्ही वैतागायचो. पण ज्या टोळ्यांत असं कुणी नव्हतं, त्यांतली माणसं लवकर मेली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग खंडेनवमी आली. पंचांग कुठलं असणार? अमावास्येपासून चंद्रावर नजर ठेवून ज्ञानूनं तिथी धरली. पलटणीत खंडेनवमीला शस्त्रपूजा होते. रायफली साफ करायच्या, तीन-तीन एकमेकींना टेकवून पाइल करायच्या, हार घालायचा, नारळ फोडायचा. माझ्या आठवणीत ही पूजा कधी चुकली नव्हती.

“शस्त्र कुठं हाय आपल्याकडं?” मी म्हणालो.

“शिपायाला जे हातात दिलंय ते शस्त्र,” ज्ञानू म्हणाला. “फावडी पुजायची.”

त्यानं जपानी गार्डाला खुणांनी समजावलं. ती माणसं स्वतः तलवारीपुढं वाकणारी. त्याला कळलं. कामाआधी थोडा वेळ देतो, म्हणाला, आणि बाजूला जाऊन उभा राहिला. मारकुटा होता, पण त्या सकाळी त्यानं हात उचलला नाही. खरं ते लिहिलं पाहिजे.

आम्ही वाळू आणि नारळाच्या किशीनं फावडी घासली. इतकी घासली की पाती आरशासारखी झाली. मोकळ्या मैदानात तीन-तीन टेकवून पाइल केली. रानातली पिवळी फुलं वाहिली. नारळाला त्या बेटावर तोटा नव्हता. ज्ञानूकडं एक धोतर होतं, घरून आणलेलं, सणाला म्हणून जपलेलं. ते त्यानं पूजेखाली अंथरलं. मग आम्ही तीन ओळींत सावधान उभे राहिलो. ज्यांचे पाय सुजले होते ते पुढं बसले.

आज कुणीही सांगेल की हा मूर्खपणा होता. उघड्या मैदानात, भर उन्हात, चकाकणारं लोखंड आणि तीन ओळी माणसं. वरून बघणाऱ्याला ती जपानी कंपनी वाटणारच. आम्हाला मात्र ती परेड वाटली. परेड आडोशाला लपून करायची असते हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

विमान एकच आलं. झाडांचे शेंडे घासत, अगदी खालून, एकदम.

“लाइन तोड! झाडीत!” ज्ञानू ओरडला.

पहिल्या फेरीत महादू पडला आणि त्याच्या शेजारचा बंडू साळुंखे. मी झाडीत पोचलो. मागं वळून पाहिलं तर सुजल्या पायांची माणसं मैदानात सरपटत होती. एकालाही धावता येत नव्हतं. आणि ज्ञानू मैदानाच्या मधे उभा. पूजेखालचं धोतर त्यानं ओढून काढलं होतं आणि दोन्ही हातांनी डोक्यावर फिरवत होता.

“ज्ञानू, पळ!” मी ओरडलो.

“धोतर बघून कळंल त्याला,” तो ओरडला, “आमी जपानी न्हाई!”

अमेरिकेतल्या त्या पोरानं जन्मात धोतर पाहिलं होतं काय? पण ज्ञानूच्या डोक्यात दुसरा विचार आलाच नाही. धोतर दिसलं की माणूस आपल्याकडचा, एवढं त्याला पुरेसं होतं. विमान वळलं. सरपटणाऱ्यांना सोडून ते उभ्या माणसावर आलं. तेवढ्यात आजारी माणसं मैदानाच्या कडेच्या चरात पोचली. सगळी पोचली. ज्ञानू मैदानातच राहिला.

त्याच फावड्यांनी आम्ही तिघांसाठी खड्डे खणले. दुपारी गार्डानं कामावर नेलं.

शेवटी ऑस्ट्रेलियन फौज आली आणि आमची सुटका झाली. मी जबानी दिली. साहेबानं लिहून घेतली. गावी आलो, पहिला पवाराच्या घरी गेलो आणि सारजावहिनींना सगळं सांगितलं. पण सरकारी कागद माझ्याआधी येऊन बसला होता आणि त्यावर ‘बेपत्ता’ होतं. ज्ञानूच्या आईनं त्या एका शब्दाला धरलं. पोरगा जित्ता हाय म्हणाली. सुनेला कुंकू पुसू दिलं नाही. मग गावाला विषय मिळाला. ज्ञानू जपानात राहिलाय, तिकडं बाई ठेवलीय, पोरंबाळं झालीत. हे मी पारावर ऐकलंय, हॉटेलात ऐकलंय, कराडच्या बाजारात परक्या तोंडून ऐकलंय. मी सांगून थकलो. सासू गेली, तरी बोलणं थांबलं नाही. नवऱ्यानं टाकलेली म्हणून त्या बाईला हळदी-कुंकवाला कुणी बोलवेना आणि विधवा म्हणून कुणी मान देईना.

एकाहत्तरची लढाई झाली, त्यात गावची दोन पोरं कामी आली. गावानं ठरवलं, सगळ्या लढायांतल्या हुतात्म्यांचा एक दगड उभा करायचा. चांगलं ठरवलं. कमिटीचे अध्यक्ष सुभेदार आप्पा. इटलीत लढलेले, मांडीत गोळी घेऊन आलेले. माणूस भित्रा नाही. सारजावहिनी माझ्या दारी आल्या. म्हणाल्या, “तात्या, मला दुसरं काय नगं. दगडावर नाव आलं की ही तोंडं बंद हुतील. माजा नवरा पळाला न्हवता, एवढं गावानं वाचावं.”

देवळात मीटिंग झाली. मी नाव मांडलं.

“ज्ञानू पवाराचं नाव घेता येत न्हाई,” आप्पा म्हणाले.

“का?”

“दगडावर काय लिवायचं ठरलंय? शत्रूशी लढताना धारातीर्थी पडले. हा लढताना पडला का?”

“ड्यूटीवर पडला.”

“हातात हत्यार काय हुतं?”

“धोतर.”

कुणीतरी हसलं. कोण ते मला माहीत आहे. त्याच्या नातवंडांनी वाचायला नको म्हणून नाव लिहीत नाही.

“आन् मारलं कुणी?” आप्पा म्हणाले. “अमेरिकेनं. म्हंजी आपल्याच दोस्तानं. जपान्यानं मारला असता तर गोष्ट येगळी. दोस्ताच्या गोळीनं मेलेला मानूस शहीद कसा हुईल? तूच सांग.”

“आप्पा, तुमच्या मांडीतल्या गोळीवर नाव कुणाचं हाय, ते वाचलंय काय तुमी?” मी म्हणालो.

त्यावर ते लाल झाले. मीटिंग संपली. नाव नाही ते नाहीच.

मला आजही संताप येतो. गोळी कुणाच्या कारखान्यात झाली त्यावर शिपाई शिपाई ठरतो काय? इंग्रजानं आम्हाला सिंगापुरात नेऊन सोडलं, जपान्यानं उपाशी राबवलं, अमेरिकेनं वरून मारलं. तिघांनी आपापल्या मोठ्या लढायांत आपापली माणसं मोजली. आमची मोजायची पाळी आमच्या गावाची होती. आणि गावानं काय केलं, तर हातात हत्यार होतं का, असं विचारलं. त्या दिवशी मैदानात उभं राहायचा हुकूम त्याला कुणी दिला नव्हता. चौदा-पंधरा आजारी माणसं घरी आली ती त्याच्या उभं राहण्यामुळं आली. याहून वेगळी लढाई कुणाला माहीत असेल तर त्यानं मला येऊन सांगावी.

दगडाचं उद्घाटन झालं. तालुक्याहून पाहुणे आले होते. आम्ही माजी सैनिक मेडल लावून फॉल-इन झालो. आप्पा एकेक नाव पुकारत होते आणि त्या-त्या घरची माणसं पुढं येऊन फुलं वाहत होती. शेवटचं नाव झालं. पाहुणे खुर्चीतून उठायला लागले. तेवढ्यात बायकांच्या गर्दीतून सारजावहिनी निघाल्या, ओंजळीत झेंडू घेऊन. कपाळ मोकळं होतं. कुंकू त्यांनी स्वतःच्या हातानं पुसलं होतं, इतक्या वर्षांनी, त्याच सकाळी.

आप्पा आडवे आले. “वहिनी, तुमचं नाव पुकारलं न्हाई.”

“पलटणीनं पुकारलं तवा ते गेलं न्हवं?” त्या म्हणाल्या. “तवा तुमी आडवं आला न्हाई. आता बी येऊ नगा.”

आप्पा बाजूला झाले. वहिनींनी फुलं ठेवली. मी रांगेत सावधान होतो. हुकूम नव्हता, तरी परेडच्या आवाजात नाव पुकारलं, रँकसकट. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

दगडावर ते नाव अजून नाही. म्हणून इथं लिहितो.

लान्स नाईक ज्ञानू पवार, तालुका पाटण. शिपाई महादू कदम, तालुका तासगाव. शिपाई बंडू साळुंखे, तालुका कराड. न्यू ब्रिटन बेटावर, खंडेनवमीच्या सकाळी, परेडवर असताना मारले गेले. तिघंही ड्यूटीवर होते.