करड्या गळ्याचा पक्षी

माझा मामा संग्रहालयात मेलेल्या पक्ष्यांत कापूस भरायचा. कातडी सोडवायची, साबणाच्या पाण्यात धुवायची, वाळवून कापूस भरायचा, शिवायची आणि जात, जागा, तारीख लिहिलेली चिठ्ठी पायाला बांधायची. चौतीस वर्षं हेच. शेवटची सहा वर्षं मी, त्याची भाची, शेजारच्या टेबलावर तेच शिकत होते. शिव्या खात, अर्थात.

त्याच्या डोक्यात एक पक्षी बसला होता. दगडखाणीतल्या कपारीत राहणारा, मुठीत मावेल एवढा, गोड गाणारा. एरवी अशा पक्ष्यांचा गळा पांढरा असतो. खाणीतल्यांचा मात्र करडा. मामाचं म्हणणं, ही जातच वेगळी. चोच, पंख, शेपूट, सगळी मापं पांढऱ्या गळ्यावाल्यांशी तंतोतंत जुळायची. ते दाखवलं की म्हणायचा, "तुझं नि तुझ्या आईचं नाकही सारखंच आहे." पुढचं मी मनात समजून घ्यायचं.

जाळं लावून त्यानं दर वर्षी एक, असे अकरा पक्षी धरले. त्यांच्या कामाला मला हात लावू दिला नाही. चिठ्ठ्यांवर जातीची जागा कोरी ठेवली. निवृत्तीआधी तिथं नवं नाव यावं, एवढाच त्याचा ध्यास. वरिष्ठांनी त्याला वेड्यात काढलं होतं. नोकरीचा महिना उरला असताना वर्गीकरणातल्या एक जाणकार बाई आल्या. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ही कातडी धुतली होती का?

मामानं नकारार्थी मान हलवली. एरवी धुतल्याशिवाय सुई हातात घेऊ न देणारा माणूस, पण या अकरांना त्यानं पाणी लावलंच नव्हतं. फिका रंग निघून जाईल, ही भीती. मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त कीव.

ओला कापूस त्यानंच घेतला. तीनदा फिरवला. कापूस करडा झाला, गळा पांढरा. खाणीतली धूळ होती ती. "असं होतं कधीकधी," एवढं म्हणून बाई चहा न घेताच निघून गेल्या.

दुपारभर मामानं एकेक पक्षी धुतला आणि प्रत्येकाच्या चिठ्ठीवर जुनंच नाव लिहिलं. शेवटी पेनाला टोपण लावलं.

"माझं हसं झालं, त्याचं काही नाही गं," तो म्हणाला. "पण हे अकरा जण उगाच मेले."

मी त्याची समजूत काढली नाही. तो बोलला ते खरं होतं.