कढईतली कवळी

निजामाच्या राज्यात आमच्या बाजूला सवाष्ण बाईचे दात काळेभोर असत. हिरडा आणि हिराकस कुटून केलेलं दातवण रोज बोटानं लावायचं. पांढरे दात एक तर लग्नाआधी, नाहीतर कुंकू गेल्यावर.

सासूबाईंचे दात पन्नाशीतच गेले. मामंजींनी गुलबर्ग्याला नेऊन त्यांना कवळी करवली. मी सोबतीला होते. तोंडात ओलं प्लास्टर भरून डॉक्टरांनी ठसा घेतला. महिन्याभरानं तांबड्या रबरात बसवलेले चिनीमातीचे दात मिळाले. भाकरी झकास चावली जाई, पण दात चांदण्यासारखे पांढरे!

धाकट्या नणंदेचं लग्न आठवड्यावर आलेलं. सासूबाई पदराआडून म्हणाल्या, "असले दात घेऊन मी मांडवात येणार न्हाई. अन् बोळकं घेऊनबी न्हाई."

दातवण लावून पाहिलं. चूळ भरली की सगळं धुऊन जाई.

मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. सासूबाईंचीच पडलेली दाढ फोडून त्यांनी दाखवली होती. वरचं कवच काचेसारखं, गुळगुळीत. आतलं हाड मात्र बारीक बारीक नळ्यांचं. कवच झिजलं की रंग आत मुरतो. मग चिनीमातीवरचीही काचेसारखी चकाकी घालवू!

सासूबाई दुपारी निजल्या, तशी मी कवळी फडक्यात बांधून बाजारात सुऱ्यांना धार लावणाऱ्या शिकलगाराकडे गेले. फडकं सोडताच तो मागे सरला. "अम्मा, मुर्दे के हैं क्या?"

"जित्या बाईचे हायत. चकाकी तेवढी काढ. धार नको, धार त्यांच्याकडं हाय."

कुरुंदाचं चाक फिरलं. एका दाढेचा टवका उडाला. बाकी दात खरखरीत, मळकट झाले. घरी येऊन लोखंडी कढईत दातवणाच्या पाण्यात कवळी बुडवली.

"माझे दात कुठं हायत?"

"कढईत, आत्याबाई."

"तळायलीस का काय गं?"

दोन दिवसांनी काढले तर जांभळासारखे काळे. चूळ भरली, दोनदा भरली. रंग हलला नाही. सासूबाईंनी आरसा मागितला आणि बराच वेळ परत दिला नाही.

मांडवात विहीणबाई न्याहाळून म्हणाल्या, "इनबाई, या वयात समदे दात शाबूत! अन् दातवण किती पक्कं!"

"रोज लावावं लागतं," सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "आताच्या सुनांना कंटाळा." आणि बोलता बोलता त्यांनी अख्खी सुपारी नेमकी त्या टवका उडालेल्या दाढेखाली सरकवली.

मी अडकित्ता घेऊन धावले.