दारातल्या बैठका

आज मंगळवार. पहाटे साडेचारला नाना गेले.

त्यांच्या मुलाचा फोन सहाला आला. मिळाली ती एसटी धरली. जळगावला पोहोचेपर्यंत नऊ वाजले. अकराला सगळं आटोपलं. तीनला मी धुळ्याला परत.

तेव्हापासून बसवत नाहीये. चहा केला, तो तसाच पडलाय. दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली. घरात कोणी नाही. म्हणून फोनवर लिहितोय.

नाना माझे नातेवाईक नव्हते. गिरणीत फिटर होते, इथे धुळ्यात, देवपूरला आमच्याच गल्लीत राहायचे.

१९८७. सावद्याहून ट्रान्सफर होऊन आलो होतो. खोली घेतली त्याच्या दुसऱ्याच पहाटे दारात आरडाओरडा.

"अकरा! बारा! तेरा!"

दार उघडलं. बनियन-हाफपँटवर तीन माणसं अंगणात बैठका मारत होती.

नदीकाठच्या बागेत व्यायाम करणाऱ्यांचा हा नियम होता. जो दांडी मारेल त्याच्या दारात जाऊन बैठका मारायच्या, मोठ्याने मोजत. तो बाहेर येईपर्यंत. गल्ली जागी होते, माणूस लाजून येतो.

पण ज्याच्यासाठी ते आले होते, तो होता आधीचा भाडेकरू. खोली सोडून गेला, पण यांना सांगितलंच नव्हतं.

"तू कोन शे?" नानांनी विचारलं. धाप लागलेली.

"नवा भाडेकरू."

नानांनी बाकीच्यांकडे पाहिलं. "बठ्ठ्या बैठका फुकट गयात!"

मग मला म्हणाले, "आते उठनाच शे ना? मंग चाल."

गेलो. नंतर वर्षानुवर्षं जात राहिलो.

तिथे विशेष काही नसायचं. ओलं गवत. पांझरेवरून येणारा गार वारा. पाच फेऱ्या, पन्नास बैठका. शेवटी नाना खिशातून भिजवलेले हरभरे काढून मूठ मूठ द्यायचे. खिसा कायम ओला.

"नाना, खिशातच भिजवता की काय?"

"चूपचाप खा, सावदेकर."

ऑफिसात मी दिवसभरात चार वाक्यं बोलायचो. बागेत पोट धरून हसायचो.

१९९२ ला आमची मुलगी गेली. नऊ दिवसांची होती.

मी बागेत जाणं बंद केलं. दारात कोणी आलं नाही. येणार तरी कसं.

महिन्याभराने एका पहाटे बायकोने उठवलं. "अहो, बाहेर नाना आहेत."

खिडकीतून पाहिलं. एकटेच होते. बैठका मारत होते, पण मोजत होते अगदी हळू, स्वतःशीच.

मी बाहेर गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी आले. तिसऱ्याही.

पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "त्यांचंही वय आहे. जा तुम्ही."

गेलो. बागेत पाच फेऱ्या मारल्या, नानांनी हरभरे दिले.

गेल्या वर्षी नानांचे पाय गेले आणि मुलगा त्यांना जळगावला घेऊन गेला.

तो फोनवर सांगायचा, "काका, नाना रोज विचारतात. सावदेकर कधी येणार?"

मी म्हणायचो, ऊन जरा कमी होऊ दे. मग पाऊस होता. मग माझे गुडघे.

दोन-अडीच तासांचा रस्ता. ते माझ्या दारात पाच दिवस आले होते. मला एकदा जाता आलं नाही.

आज मुलाने सांगितलं, परवासुद्धा नाना माझी वाट बघत म्हणत होते, "येई तो. दारमा येई."

एवढं लिहून फोन बाजूला ठेवला आणि बाहेर पडलो. आत्ता परत आलोय.

नानांच्या घराला कुलूप आहे. अंगणात निंबाचा पाला साचलाय. फाटक ढकलून आत गेलो. ओट्याला धरून बैठका मारल्या.

सात झाल्या.

हळू मोजल्या.

नाना, उशीर केला मी. तुमच्या दारात येऊन गेलो, एवढंच.

घरी येऊन मूठभर हरभरे भिजत घातले.