धाकलूचे न भाजणारे पाय

चांगोमामा माझ्या आईचा सख्खा भाऊ. सोनिवलीला त्याची भातशेती होती, आणि गावच्या होळीत निखाऱ्यांवरून पहिलं चालायचा मान त्याच्या घराण्याचा होता. मी तेव्हा अंबरनाथला आगपेट्यांच्या कारखान्यात होतो, सणाला मामाकडे जायचो. लिहायची मला सवय नाही. पण गावात त्याच्याबद्दल बोलतात ते पुरतं खरं नाही, म्हणून हे लिहितो.

त्रेपन्न सालच्या होळीला मामा नेहमीसारखा झपाझप निखारे ओलांडून गेला. त्याच्यामागून धाकलू आला. त्याचं शेत मामाच्या शेताला लागून. तो मधेच थांबला, हात जोडले, देवीचं नाव घेतलं आणि देवळात चालावं तसा सावकाश बाहेर आला. बायका त्याच्या पायांवर पाणी घालू लागल्या. मामाच्या तळव्याचे फोड कोणी पाहिलेच नाहीत.

"काय लावतोस रं पायांना? कोरफड?" मामाने विचारलं.

"काय नाय दादा. देवीची किरपा."

"माझा बाप जलमभर चालला, त्याच्यावर नाय झाली ती?"

तेव्हापासून मामाला चैन पडेना. धाकलूच्या बायकोला, भिकीला, तो तेल कुठलं आणतेस म्हणून विचारायचा. ती एकदा म्हणाली, "भावजी, तुम्हीच न्या त्यांचे पाय, म्हणजे झोप लागंल."

श्रावणात धाकलूच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला, आणि त्याला कळलंच नाही. पाय सुजला, जखमेला वास यायला लागला, तरी दुखत नाही म्हणे. गाव म्हणालं, देवी बघून घेईल. मामा म्हणाला, "मी डॉक्टरकडे नेतो." लोकांना तो चांगुलपणा वाटला. डॉक्टर सिंधी, म्हणून हिंदी बोलायला मला बरोबर घेतलं होतं. गाडी जुंपताना मामा माझ्या कानात पुटपुटला, "देवी बरं करत नाय, हे एकदा दिसू दे."

उल्हासनगरला कॅम्प पाचच्या एका बराकीत गिदवाणी डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांनी लघवी निळ्या औषधात घालून उकळली. ती विटेसारखी लाल झाली, म्हणजे लघवीत साखर होती. मग त्यांनी तळव्यात टाचणी टोचली. धाकलू छपराकडे बघत होता.

"चाचा, कुछ लगा?"

"कधी टोचताय?" धाकलूने मला विचारलं.

डॉक्टर सांगत गेले, मी मराठीत सांगत गेलो. मधुमेह. दुखणं कळवणाऱ्या नसेलाही जगायला रक्त लागतं, आणि ते आणणाऱ्या वाहिन्या केसाहून बारीक. या रोगात त्या आतून जाड होतात, रक्त पुढे सरकत नाही, नस उपाशी मरते, मग पाय भाजला तरी कळत नाही. निदान काही डॉक्टर तसं मानू लागलेत, असंही ते म्हणाले.

मामाला चटकन समजलं. "पाट गाळाने भरला की शेवटच्या खाचराला पाणी नाय. पाय म्हंजे शेवटचं खाचर."

"आता हा पाय भाजला तर कापावा लागेल," डॉक्टर म्हणाले.

परतताना धाकलू रडला. "दादा, गावात बोलू नको. लोक पाया पडतात माझ्या."

 मामाला जे हवं होतं ते आयतं हातात आलं होतं. एक वाक्य बोलला असता तर पुरलं असतं. पण गावात पोचल्यावर तो एवढंच म्हणाला, "जखम आहे, बरी होईल." इंजेक्शनांनी ती माघापर्यंत भरलीही.

पुढच्या होळीला धाकलू निखाऱ्यांपाशी येऊन उभा राहिला. लोक त्याला वाट देत होते. मामा आडवा झाला.

"मान आमच्या घरचा. यंदा आमच्याबिगर कोण चालणार नाय."

"जळतोस त्याच्यावर," कोणीतरी म्हणालं.

"जळतो. तरी नाय."

धाकलू मान खाली घालून घरी गेला. त्यानंतर तो मामाशी कधी बोलला नाही. पण शेवटपर्यंत स्वतःच्या दोन पायांवर चालला. चांगोने मत्सरापायी देवीच्या माणसाला अडवलं, असं गाव अजून सांगतं. आता दोघेही नाहीत.

मी मामाला एकदा विचारलं होतं, पाय वाचवलास की मान परत घेतलास?

"दोन्ही," तो म्हणाला. "पण त्या राती बाया त्याच्या घरी जाऊन त्याच्याच पायांवर पाणी घालून आल्या. ते मला अजून सोसत नाय."