अजून एक बोट

चेणे गावाजवळ ट्रकपासून सुटलेला ट्रेलर रस्त्यात आडवा उभा राहिला आणि आमची बस अडकली. ट्रकच्या स्प्रिंगच्या कमानी नव्या, ताठ होत्या. त्याची पाठ उंच राहायची, ट्रेलरखाली शिरायचीच नाही. डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या मिस्त्रीने जास्तीची उंची बोटांनी मोजली आणि बसकडे बघून तो ओरडला, "पाठीवर चढा सगळे, कमान दबली पायजे!"

कंडक्टरसकट सगळे खिदळत चढले. मिस्त्रीने वाकून पुन्हा बोटं लावली. "अजून एक बोट!" वजनाच्या लाजेने खाली मी एकटीच उरले होते. मला बघून त्याचा चेहरा उजळला. "ताई, तुम्हीच पायजे!"

मी चढले, पाठ दबली, ट्रक मागे सरकला आणि खटकन जोडला गेला. टाळ्या पडल्या.

त्या रात्री माझे घास मोजणाऱ्या सासूबाईंच्या डोळ्यांदेखत मी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला.