सिम्फनीची गोष्ट आणि माझी नको तिथली दाद

माझा धाकटा भाऊ विनय कतारमध्ये मेसईदच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याच्या मुलीला, सईला, मी दर शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, नाशिकहून व्हिडिओ कॉलवर गाणं शिकवत आले. थंडीत विनयचा फोन आला. "ताई, सईला गाणं सोडून नुसतं क्लॅरिनेट वाजवायचंय. इथल्या हौशी ऑर्केस्ट्रात घेतलंय तिला. तू ये, ऐक आणि सांग. तू नको म्हणालीस तर खलास." माझं 'नको' तयारच होतं. पण ते तोंडावर सांगावं, म्हणून तिकीट काढलं.

मुंबईहून दोहा चार तासांच्या आसपास. व्हिसाचे नियम बदलत असतात, निघण्याआधी पाहून घ्या. शाल न्या, खरी थंडी एसीत असते. मेसईद बघायला मात्र मुद्दाम जाऊ नका. चिमण्या, टाक्या आणि एकसारखी घरं. तिथून बसने दोह्याला येताना खिडकीबाहेर फक्त वाळू दिसते, तेव्हा झोप काढा.

दोह्याच्या जुन्या बाजारात, सूक वाकिफमध्ये, खाणं चांगलं मिळतं. तिथे कडक चहा घेताना सईने माझ्या हातात कार्यक्रमाचं पत्रक ठेवलं. "आत्या, प्लीज रीड इट. नाहीतर यू वोन्ट गेट द स्टोरी."

रोमँटिक काळातल्या युरोपियन संगीतकारांना म्हणे सिम्फनीतून गोष्ट सांगायची हौस होती. ही तसलीच. पहिल्या भागात नायक गाव सोडतो, दुसऱ्यात जत्रा, तिसऱ्यात वादळ. नायकाची एक धून ठरलेली, ती प्रत्येक भागात वेश बदलून येते. एवढं वाचून मी पत्रक पर्समध्ये कोंबलं.

"सुरांना सांगता येत नाही म्हणून कागद वाटायचा का? आम्ही मारवा गाताना 'इथे सूर्य बुडाला' असं छापून देत नाही."

"यू आर सो मीन," सई म्हणाली आणि तिने पराठ्याचा मोठा तुकडा तोडला.

सभागृहात विनयने बजावलं, "ताई, मध्ये टाळ्या नाहीत, आवाज नाही. सगळं संपल्यावरच." म्हणजे तीन-तीन भाग संपले तरी मख्खासारखं बसायचं. जत्रा ऐकून वाटलं, कुणीतरी घराचं सामान हलवतंय. वादळात दोन माणसं ढोलांवर तुटून पडली होती. आमच्या गणपतीतलं पथक हसून लोळलं असतं. लोक पत्रकात बोट ठेवून वादळ कुठे आलं ते शोधत होते.

चौथ्या भागात सगळी वाद्यं थांबली आणि सईचं एकटं क्लॅरिनेट उरलं. नायकाचीच धून, पण दमलेली. मला वाटलं, हा माणूस घरापर्यंत आलाय आणि दार वाजवायची त्याची हिंमत होत नाहीये. पंचमावरून सई गंधारावर सरळ उतरली नाही. मध्यमाला हात लावून, रेंगाळत आली. शुक्रवार-शुक्रवार मी घोटून घेतलेली मींड. माझ्या तोंडून "वा" निघून गेलं. मोठ्याने, मांडीवर थाप मारून.

अख्खं सभागृह वळलं. विनयने डोळे मिटून घेतले.

बाहेर सई लालबुंद होऊन आली. "आत्या, यू डोन्ट डू दॅट हिअर. आणि कंडक्टर इज सो अँग्री विथ मी. तो स्लाइड स्कोअरमध्ये लिहिलेलाच नाहीये."

"मग घेतलीस कशाला?"

तिने क्लॅरिनेट काखेत धरलं. "आली," म्हणाली.

विनयने विचारलं, "मग ताई, काय ठरलं?"

"आता काय विचारतोस? भर सभागृहात सांगून झालंय."

हे बोलताना मला आनंद झाला होता आणि रडूही येत होतं.

नाशिकला परतून आता बरेच दिवस झाले. शुक्रवारी तिच्या वेळेला अजून तंबोरा लावला जातो, पण फोन वाजत नाही. परवा पर्स आवरताना ते पत्रक सापडलं. चौथा भाग: नायक आपल्या दाराशी येतो, पण दार वाजवत नाही.

म्हणजे मला कागदाशिवाय कळलं होतं. पण याचं श्रेय मी त्या संगीतकाराला मुळीच देणार नाही. शुक्रवार माझे गेलेत, त्याचे नाहीत.